पर्याय ड

९ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. माझ्याकडचे सध्या संपलेत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

फोन करण्यात अर्थ नाही. फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. कागदावर रडलीस तरी मला ऐकू येणार नाही. भाऊजी आज तुला भेटायला तुझ्या माहेरी येतायत, त्यांच्या हाती हे देते. त्यांना वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही. तू गेल्यापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे, त्यांनाही विषय कळू दे.

रविवारी परीक्षा झाली आणि मंगळवारी तू बॅग भरलीस. डोकं दुखतंय म्हणालीस. आपल्या घरात डोकं दुखलं तर गोळी घेतात, माहेरी जात नाहीत. सासूबाईंनी मला विचारलं, तिला पेपर अवघड गेला का? मी म्हटलं, सोपा गेला.

आज परीक्षा मंडळाचा कागद आला. शेजारच्या उमेदवाराच्या उत्तरपत्रिकेवर हात ठेवून तिला उत्तर सुचवताना मी पर्यवेक्षकांना आढळले, असं त्यात लिहिलंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तोवर माझा पेपर तपासणार नाहीत. दोषी ठरले तर पुढची काही वर्षं मला या परीक्षेला बसता येणार नाही. आणि आमच्या शाळेचं तुला माहीतच आहे. पात्रता परीक्षा पास नसलेल्या बाईला हे वर्ष संपलं की घरी पाठवणार. चौदा वर्षं पहिली-दुसरी शिकवल्यावर मला शिकवता येतं की नाही हे ठरवायला ही परीक्षा होती, आणि तिच्यातून मी शिकवल्याबद्दलच बाहेर पडले.

जे झालं ते एकदा लिहून काढते, कारण तुला ते आठवेनासं होईल अशी मला भीती वाटते. आपण अर्ज एकाच दिवशी भरले म्हणून बाक शेजारीशेजारी आले. तुझा संच वेगळा, माझा वेगळा. तुझ्या कागदावर जो दहावा प्रश्न तो माझ्याकडे कुठे होता ते देव जाणे. तुला उत्तर सांगायचं मी मनात आणलं असतं तरी जमलं नसतं. मी माझी मान वर केली तेव्हा तुझ्या डाव्या हाताचं बोट बेचाळिसाव्या प्रश्नावर होतं आणि पेन एक्केचाळिसाव्या ओळीत. अवघड म्हणून एक प्रश्न सोडला होतास, पण गोळे मात्र न सोडता काळे करत चालली होतीस. एक गोळा चुकीच्या जागी पडला होता, दुसरा पडणार होता, आणि मग शेवटपर्यंत सगळेच पडले असते.

मी हात लांब केला आणि बरोबर ओळीवर बोट ठेवलं. तोंडातून शब्द काढला नाही. वर्गात मी दिवसभर हेच तर करते. पोरं फळ्यावरून उतरवून घेताना ओळ गाळतात. मी बाकांमधून फिरते, वह्या उलट्या बाजूनं वाचते आणि चुकलं असेल तिथे बोट ठेवते. पोर वर बघतं, खाली बघतं आणि लिहायला लागतं. विचार केला असता तर त्या दिवशी मी हात मांडीवरच ठेवला असता. विचार करायच्या आत तो गेला.

मग तो पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातला पर्यवेक्षक आला, त्यानं माझा कागद उचलला आणि तुला विचारलं, या तुम्हाला काय दाखवत होत्या? तू म्हणालीस, "मी काही विचारलं नव्हतं त्यांना."

खरं आहे. तू विचारलं नव्हतंस. खोटं बोलली असतीस तर मी तिथेच भांडले असते, पण खऱ्या वाक्याशी काय भांडणार? फक्त त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. त्यांनी उत्तर नाही दाखवलं, ओळ दाखवली. ते तू गिळलंस. आणि घरात दिवसभर ताई ताई करणारी तू, तिथे मला 'त्यांना' म्हणालीस.

ते गिळलेलं वाक्य मला लिहून दे. एका ओळीचं आहे, खाली सही कर. सुनावणीला तेवढं पुरेल असं मुख्याध्यापिकाबाई म्हणतात.

— त्या


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर पोचलं. भाऊजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ती म्हणते, असं लिहून दिलं तर तिचाही निकाल अडकेल." एवढं बोलून पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. माणूस भला आहे. निरोप्याचं काम त्यांच्या नशिबी आपण दोघींनी आणलं.

आता मी खरं सांगते. तुझा निकाल अडकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओळ दाखवली म्हणजे मदत झाली, आणि मदत झाली म्हणजे घेणारीही आलीच. मला हे कळायला पंधरवडा आणि तुझा निरोप लागला. तू मात्र त्या सदऱ्यानं विचारल्याबरोबर, पापणी लवायच्या आत तिथपर्यंत पोचली होतीस. तू हिशेबात कच्ची आहेस असं मी उगाचच म्हणत होते.

थंडीभर दुपारच्या वेळी आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. मधे भाजी निवडायचं ताट, एका बाजूला तुझं गाईड, दुसऱ्या बाजूला माझं. सासूबाई म्हणायच्या, दोघी मिळून भाजी कमी आणि डोकंच जास्त निवडताय. तुझं शिक्षणशास्त्राचं प्रमाणपत्र लग्नापासून कपाटात पडलं होतं, अर्ज भर म्हणून तुझ्यामागे लागले ती मीच. मी तुला अपूर्णांक शिकवले. मानसशास्त्रातल्या व्याख्या तू माझ्याकडून घोकून घेतल्यास, हेही मी नाकारत नाही. मूल किती वर्षांचं झालं की त्याला काय कळतं, हे मला पोरांकडे बघून सांगता यायचं, पण त्याला पुस्तकात कुठलं नाव आहे ते तुझ्याशिवाय आलं नसतं.

आणि आपले ते क्लासवाले सर. पहिल्याच दिवशी म्हणाले, तुमचा वर्ग बाहेर चपलांबरोबर ठेवून या. वर्गात करता ते इथे लिहायला गेलात तर नापास व्हाल. ज्या पर्यायात मूल स्वतः शोधून काढतं तो काळा करा. रागावणं, मारणं, पालकांना बोलावणं यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. सगळ्या बाया माना डोलावत होत्या. त्यांनी जन्मात पहिलीचा वर्ग सांभाळला नव्हता, पण पास करून द्यायचे हे खरं.

त्या सराव प्रश्नपत्रिकेतला प्रश्न तू विसरली नसशील. एक मूल फळ्यावरून लिहून घेताना वारंवार ओळ चुकते, शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल? अ, त्याला समज द्याल. ब, सगळं पुन्हा लिहायला लावाल. क, त्याची चूक त्याला स्वतः शोधू द्याल. ड, चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून दाखवाल. मी ड वर खूण केली. मागे उत्तर बघितलं तर क. मी अडून बसले. म्हटलं, सहा वर्षांच्या पोराला स्वतःची चूक सापडत असती तर ते चुकलं कशाला असतं? अर्धी दुपार आपण त्यावर घातली. शेवटी तू माझ्यापुढून गाईड मिटलंस आणि म्हणालीस, "ताई, परीक्षेपुरतं क लिहा ना. वर्गात काय तो ड करा."

मी हसले होते. तेव्हा वाटलं, पोरगी व्यवहारी आहे, टिकेल.

परीक्षेत मी ड केलं ते असं. तुझी चूक तुला स्वतः शोधू द्यायला हवी होती. ती तुला निकालाच्या दिवशी सापडली असती.

ह्यांचं म्हणणं आहे की मी हा विषय सोडावा. सासूबाईंचं म्हणणं आहे की मधे बोट घालायला मला सांगितलं होतं कुणी. मीटर बघत दारोदार फिरणारा माझा नवरा आणि गुडघे धरून बसलेली तुझी सासू, दोघांचं या घरात पहिल्यांदाच एकमत झालंय.

सुनावणी एकोणीस मार्चला, सकाळी. लिहून द्यायला भीती वाटत असेल तर नुसती ये. विचारलं तरच बोल.

— त्या


२० मार्च

धाकटे,

काल मी मंडळाच्या कचेरीत बाहेरच्या बाकावर बसले होते. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारावर आत कुणी बसतं त्याच्या हुद्द्याची पाटी. जिन्यावर पाय वाजला की मी बघत होते. एकदा तर तुझ्यासारखीच निळी ओढणी दिसली आणि मी बाकावर सरकून जागा केली. ती दुसरीच कुणीतरी निघाली. तरी ती बसलीच शेजारी, मग काय करणार.

भाऊजी आले. एकटे. हातात माझ्यासाठी डबा. म्हणाले, तिला ताप आहे. मी विचारलं, किती आहे? त्यांनी नुसता डबा पुढे केला. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि ते तुला ठाऊक असताना तू त्यांच्याच तोंडी खोटं घातलंस याचा मला जास्त राग आला.

डबा मी घेतला. आमटीत मीठ नव्हतं, म्हणजे तूच केली असणार. ताप असताना.

आत मला अर्धा तास ठेवून घेतलं. तिथे काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते तुला कळवायला मी बांधील नाही. ऐकायचं असतं तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. निर्णय पत्रानं कळवणार आहेत. भाऊजींना मी काही सांगितलेलं नाही, तेव्हा त्यांना खोदून खोदून विचारू नकोस.

तुम्ही शाळेच्या बाजूला भाड्यानं जागा बघताय असं सासूबाईंकडून कळलं. घर लहान पडतं हे कारण चांगलं आहे. तू परत आल्यावर स्वयंपाकघरात आपण दोघी मावणार नाही, हे मलाही दिसतंय. तुझे कपडे आणि कपाटातलं बाकीचं सामान मी बांधून ठेवलंय. गाईडही ठेवलंय त्यात.


६ मे

धाकटे,

निकाल लागला. तू पास झालीस. सासूबाई काठी टेकत शेजारच्या चार घरी सांगून आल्या, आणि पाचव्या घरी माझ्या निकालाचं विचारलं म्हणून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्यानं मला रडू आलं, निकालानं नाही.

माझाही निर्णय आला. पाच वर्षं बंदी.

आणि त्याच दिवशी तुझी चिठ्ठी. मी घाईघाईनं उघडली. वाटलं, निदान आता तरी. आत दोनच ओळी होत्या. 'ताई, सुनावणीत तुम्ही माझं नाव घेतलंत का? माझी नेमणूक तुमच्याच शाळेत व्हायची आहे, काही चौकशी निघाली तर आधी कळलेलं बरं.'

ती चिठ्ठी मी टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला घेतली. सगळी घासून झाल्यावर स्वच्छ असलेलीही पुन्हा घासली.

घेतलं तुझं नाव. शेजारी तूच बसली होतीस, दुसऱ्या कुणाचं घेणार? आत तिघं होते. त्यातल्या एक बाई चष्म्याला दोरी लावलेल्या, बऱ्या वाटल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची जाऊ ओळ चुकली होती आणि तुम्ही ती दाखवलीत, असं तुमचं म्हणणं असेल तर आम्हाला तिची उत्तरपत्रिका मागवावी लागेल. एक गोळा चुकीचा आणि पुढचे बरोबर असं निघालं, तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. तुमची शिक्षा कमी होईल. तिचा निकाल मात्र रद्द होईल. मागवू का?"

त्यांनी घड्याळात बघितलं नाही, घाई केली नाही. मला पुरेसा वेळ दिला.

मी सांगितलं, नको. तिची ओळ चुकली नव्हती. मलाच तसं दिसलं. त्या म्हणाल्या, म्हणजे काही कारण नसताना तुम्ही दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेला हात लावलात? मी म्हटलं, हो, सवय आहे. त्यांनी लिहून घेतलं. कारण नसताना हात लावणाऱ्याला पाच वर्षं, असं त्यांच्या नियमात आहे.

आता तू लगेच माझ्या पाया पडायला धावशील, तर तसलं काही करू नकोस. मी तुझ्यासाठी केलं नाही. दोघींचं घालवून घरात काय उजेड पडला असता? आणि हेही मनात आलं की माझी पोरं कुणातरी परक्या बाईच्या हाती जाण्यापेक्षा तुझ्या हाती गेलेली बरी. तेव्हा मला असं वाटलं होतं. आज तुझी चिठ्ठी वाचल्यावर खात्री नाही.

तुला चौकशीची भीती होती ना? निघणार नाही. निश्चिंत राहा आणि नेमणूक घे.


२७ जून

धाकटे,

मुख्याध्यापिकाबाईंनी काल मला वर्ग सोपवायला बोलावलं होतं, हे तुला माहीत आहे. तू अकराला येणार म्हणून मी दहाला गेले आणि साडेदहाला निघाले. कपाटाच्या किल्ल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. बाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, वर्ग घरातच राहिला की. शेतजमीन असल्यासारखं बोलल्या. त्यांचा हेतू चांगला होता, मी मान हलवली.

वर्गात एकटीच जाऊन आले. बाक मे महिन्यात धुऊन ठेवले होते, ओळीत होते. आमच्या शाळेत पहिलीची पोरं दुसरीतही त्याच बाईकडे राहतात, हे बाईंनी तुला सांगितलं असेल. म्हणजे तुला नवी पोरं मिळाली नाहीत, माझीच मिळाली. खिडकीजवळच्या बाकाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातलाय, झाडणाऱ्या मावशींना तो काढू देऊ नकोस. फळा खालच्या कोपऱ्यात चकाकतो, डाव्या रांगेला तिथलं दिसत नाही. बाकीचं तुझं तुला कळेल. तू पात्र आहेस, मंडळाचा शिक्का आहे त्यावर.

माझ्या उपजीविकेची काळजी करत होतीस असं भाऊजी म्हणाले. मला काम मिळालं. तुला आवडेल ऐकून. क्लासच्या कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान, तिथे मी गाईडं विकते. तीच, आपलीच. पोरी येतात, विचारतात, बाई, यातलं कुठलं चांगलं? मी सांगते, सगळी चांगली, मागची उत्तरं पाठ करा. काल एकीनं दुकानातच सराव प्रश्नपत्रिका उघडली आणि मैत्रिणीला विचारलं, ओळ चुकणाऱ्या मुलाचं काय उत्तर गं? मैत्रीण म्हणाली, क. मी सुटे पैसे मोजत राहिले.

दुकानदार मला 'मॅडम' म्हणतो. शाळेत चौदा वर्षं 'बाई' होते. बढतीच म्हणायची.


५ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार पानी. पहिली दोन पानं माझ्या उपकारांची आहेत, ती मी चाळली. तिसऱ्या पानावर मुंगीचं नाव आलं तिथे थांबले.

बारीक, एकमेकांना चिकटलेली अक्षरं काढते म्हणून वर्गानं तिला मुंगी नाव पाडलं, हे तुला पोरांनी सांगितलंच असेल. तू लिहितेस, ती फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते आणि मग पेन्सिल ठेवून नुसती बसून राहते. तू तिला तिची चूक शोधायला वेळ देतेस. सगळा वर्ग पुढं जातो, ती तिथेच. तीन महिने थांबलीस, रागावली नाहीस, वही मागितली नाहीस, आईला बोलावलं नाहीस. आता ती सकाळी पोट दुखतं म्हणते आणि शाळेत येत नाही. आणि तू मला विचारतेस, ताई, माझं काय चुकलं?

तू परीक्षेतलं उत्तर वर्गात लिहिलंस, एवढंच झालं. क.

अगं, ती चूक शोधत नव्हती. ती बोटाची वाट बघत होती. पहिलीत वर्षभर तिची ओळ गेली की ती पेन्सिल ठेवायची आणि मान वर करायची, मी जाऊन बोट ठेवायची. आपल्याला कळलं नाही तर काय करायचं, तर पेन्सिल ठेवून बाईंची वाट बघायची, एवढं ती शिकली होती. जून महिन्यापासून ती वाट बघतेय. तू लांब उभी राहून तिला वेळ देत होतीस. तिला वाटलं असणार, बाई आपल्यावर रागावल्या. सात वर्षांच्या पोरीचं पोट त्यानं दुखतं. तुझं डोकं दुखलं होतं, तसंच.

हे वाचून मला तुझा जो राग आला तसला मंडळाच्या बाकावरही आला नव्हता. माझं गेलं ते गेलं. पण मी आत खोटं बोलले ते या पोरांचं बरं व्हावं म्हणून, आणि तू त्यातली एक घरी बसवलीस.

आता सांगते ते नीट कर. आज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा, चौकशीला आलेय असं म्हणू नकोस, नुसती बस. उद्या ती आली की तिच्या डाव्या बाजूला उभी राहा. ओळ चुकली की बोट ठेव. अक्षरावर नाही, ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे अक्षर झाकलं जात नाही. तोंडानं काही बोलायचं नाही, तिनं वर बघितलं तर हसायचंही नाही, हसलीस की तिचं लक्ष तुझ्याकडे जातं. तिची पेन्सिल चालायला लागली की बोट उचलायचं. तिच्याआधी उचलायचं नाही. असं महिनाभर. मग बोटाऐवजी नुसती तिच्याजवळ जाऊन उभी राहा. मग दोन बाकं सोडून. मग आपल्या खुर्चीत. वर्ष संपेपर्यंत तिला तुझी गरज लागणार नाही, आणि तुला त्याचं थोडं वाईट वाटेल. या सगळ्याला तुमच्या पुस्तकात एक मोठं नाव आहे. आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा. टेबलाशी बसून तूच माझ्याकडून ते पाठ करून घेतलं होतंस.

मी वर्गात येऊन एकदा दाखवावं, असं तू लिहिलंयस. मुख्याध्यापिकाबाई अडवणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. मी येणार नाही. त्या बाकांमधून तुझ्यामागून फिरायचं आणि पोरांनी विचारायचं, बाई, तुम्ही पाहुण्या का, हे मला झेपणार नाही. शिवाय तुला जमेल. हात लांब करायचा असतो फक्त. तुझ्यासाठी तो कुणी लांब केला होता, तेवढं आठवलं तरी जमेल.

चौथ्या पानाच्या शेवटी तू विचारलंयस, मी तुला माफ केलं का.

हा प्रश्न मी सोडतेय. मला आज उत्तर येत नाही, आणि अंदाजानं गोळा काळा करायचा नाही असं मी ठरवलंय. एक प्रश्न सुटला तरी पुढची उत्तरं आपापल्या ओळीत पडतात, कुणी वेळेवर बोट ठेवलं तर.

सासूबाईंचे गुडघे पुन्हा धरलेत. भाऊजी रविवारी येतात तेव्हा तू खाली रस्त्यावर थांबतेस, हे सासूबाईंनी खिडकीतून बघितलंय. परवा म्हणत होत्या, ती वर का येत नाही? मी सांगितलं, तिला शाळेचं काम असतं.

या पत्राला उत्तर नको. मुंगी न थांबता एक अख्खं पान उतरवायला लागली, की तेवढं मात्र कळव. कळवायला स्वतः जिना चढून आलीस तरी चालेल.

— ताई